हरलेल्या अध्यक्षाची सतरा वर्षं

अमेरिकी अध्यक्षांची क्रमवारी लावण्याचा उद्योग तिथले इतिहासकार 1948 पासून नेमाने करत आले आहेत. वर लिंकन आणि वॉशिंग्टन, तळाशी यादवी युद्ध ज्यांच्या डोळ्यांदेखत पेटत गेलं ते अध्यक्ष, आणि मधल्या गर्दीत कुठेतरी सहावे अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स. या क्रमवारीत त्यांचे गुण दिले जातात ते 1825 ते 1829 या चार वर्षांच्या कारभाराला. ती चार वर्षं खरोखरच अपयशाची होती. पण हा माणूस चौदाव्या वर्षी देशाच्या परराष्ट्रसेवेत कामाला लागला आणि एक्याऐंशीव्या वर्षात, प्रतिनिधिगृहातल्या आपल्या जागेवर बसलेला असताना कोसळला. मधल्या जवळजवळ सात दशकांतली फक्त चार वर्षं मोजायची आणि बाकीची परिशिष्टात टाकायची, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. ॲडम्स यांच्या वारशाचा प्रश्न नीट मांडायचा तर तो असा मांडावा लागतो: सत्ता हातात असताना ज्याला फारसं काही जमलं नाही, त्याला ती गेल्यावर एवढं मोठं काम कसं करता आलं? आणि ते कुणाच्या बळावर?

त्यांचा जन्म 1767 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्री गावचा. वडील जॉन ॲडम्स पुढे देशाचे दुसरे अध्यक्ष झाले. 1775 मध्ये आई ॲबिगेलचं बोट धरून या सात वर्षांच्या मुलाने दूरच्या टेकडीवरून बंकर हिलची लढाई पाहिली. दहाव्या वर्षी वडिलांबरोबर युद्धकाळातला अटलांटिक ओलांडून तो फ्रान्सला गेला. चौदाव्या वर्षी अमेरिकी दूत फ्रान्सिस डेना यांचा लेखनिक आणि दुभाषा म्हणून सेंट पीटर्सबर्गला पोचला, कारण रशियन दरबारात फ्रेंच चालायची आणि डेनांना ती पुरेशी येत नव्हती. पुढे हार्वर्ड, वकिली, आणि मग हॉलंड, प्रशिया, रशिया, ब्रिटन असे एकामागून एक वकिलातींचे मुक्काम. 1812 मध्ये नेपोलियनचं सैन्य रशियात शिरलं तेव्हा ते रशियातच होते. त्याच वर्षी त्यांची तान्ही मुलगी तिथेच वारली. 24 डिसेंबर 1814 रोजी गेंट इथे ब्रिटनशी तह झाला, त्या वाटाघाटींच्या अमेरिकी मंडळाचे ते प्रमुख होते.

या सगळ्याची साक्ष म्हणजे त्यांची रोजनिशी. 1779 मध्ये, बारा वर्षांचे असताना, त्यांनी ती सुरू केली आणि 1848 पर्यंत चालवली. एक्कावन्न खंड, चौदा हजारांहून अधिक पानं. तिच्यात हवामान आहे, बायबलचं वाचन आहे, मंत्रिमंडळातली भांडणं आहेत, सहकाऱ्यांबद्दलचे जळजळीत शेरे आहेत आणि स्वतःवरचे त्याहून कठोर शेरे आहेत. त्या काळच्या अमेरिकी राजकारणावर लिहिणाऱ्या कुणालाही ती टाळून पुढे जाता येत नाही. मुलगा चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स याने 1874 ते 1877 या काळात तिचे बारा खंड छापले. घरगुती भाग बराचसा गाळला, राजकीय भाग ठेवला. त्यामुळे पुढच्या पिढ्यांच्या मनात ॲडम्स यांची जी मूर्ती ठसली, ती कोरड्या, करड्या राजकारण्याची. पत्नी लुइझा हिच्या आठवणी आणि पत्रं अभ्यासकांनी गांभीर्याने वाचायला घेतली तेव्हा या घराचं दुःख बाहेर आलं. चार मुलांपैकी मुलगी बालपणीच गेली. थोरला जॉर्ज 1829 मध्ये बोटीवरून समुद्रात पडून गेला, तो पडला की त्याने उडी घेतली हे घरच्यांनाही ठामपणे सांगता आलं नाही. मधला जॉन 1834 मध्ये गेला. लुइझाने 1815 च्या हिवाळ्यात लहान मुलाला घेऊन, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातून सेंट पीटर्सबर्ग ते पॅरिस हा प्रवास नवऱ्याशिवाय केला आणि पुढे त्याची हकीगत लिहून ठेवली. नवऱ्याच्या महत्त्वाकांक्षेची किंमत तिने मोजली, आणि तसं लिहायला ती कचरली नाही.

परराष्ट्रमंत्री म्हणून ॲडम्स यांच्या थोरवीबद्दल फारसा वाद नाही. जेम्स मन्रो यांच्या मंत्रिमंडळात 1817 ते 1825 ही आठ वर्षं त्यांनी ते खातं सांभाळलं. 1818 च्या कराराने कॅनडालगतची सीमा रॉकी पर्वतापर्यंत 49 व्या अक्षांशावर ठरली. 1819 च्या तहाने स्पेनकडून फ्लोरिडा मिळाला आणि, त्याहून दूरगामी म्हणजे, अमेरिकेचा दावा पहिल्यांदा पॅसिफिक महासागरापर्यंत पोचला. 1823 मध्ये युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडात नव्या वसाहती करू नयेत अशी जी घोषणा मन्रो यांच्या नावाने झाली, तिचा मुख्य शिल्पकार परराष्ट्रमंत्रीच होता. ब्रिटनबरोबर संयुक्त घोषणा करण्याचा प्रस्ताव समोर असताना, मोठ्या जहाजामागे बांधलेल्या होडीसारखं जायचं नाही हा आग्रह त्यांचा.

सॅम्युअल फ्लॅग बेमिस यांनी 1949 मध्ये या कामगिरीवर लिहिलेल्या चरित्राला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि पुढची चाळीस वर्षं तोच निवाडा टिकला. 1992 मध्ये विल्यम वीक्स यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली. फ्लोरिडात 1818 साली जनरल अँड्र्यू जॅक्सन हुकमाबाहेर जाऊन घुसले, सेमिनोल वस्त्या जाळल्या, दोन ब्रिटिश प्रजाजनांना मृत्युदंड दिला. मंत्रिमंडळात त्यांची बाजू घेणारे ॲडम्स जवळजवळ एकटे होते. त्यांनी त्या स्वारीचं समर्थन करणारा खलिता लिहिला आणि स्पेनवर दडपण आणायला तिचा उपयोग केला. सेमिनोलांची आणि त्यांच्याकडे आश्रयाला आलेल्या फरारी गुलामांची बाजू त्या खलित्यात कुठेच नाही. बेमिस आणि वीक्स दोघेही बरोबर आहेत असं मला वाटतं. नकाशा त्यांनी वाढवला, आणि त्या वाढलेल्या नकाशावर गुलामगिरी पसरली. पुढे ज्या सत्तेशी ते म्हातारपणी झुंजले, तिला जमीन मिळवून देण्यात त्यांचा हात होता.

1821 च्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात त्यांनी सांगितलं की अमेरिकेने जगभरातल्या स्वातंत्र्याला शुभेच्छा द्याव्यात, पण राक्षस शोधत परमुलखात जाऊ नये. तसं केलं तर ती जगावर हुकमत गाजवेल, पण स्वतःच्या वृत्तीची मालकीण राहणार नाही. हे भाषण शंभर-दीडशे वर्षांनी पुन्हा जिवंत झालं. 1966 मध्ये सिनेटच्या समितीपुढे व्हिएतनाम युद्धाबद्दल साक्ष देताना जॉर्ज केनन यांनी त्याचाच आधार घेतला. 2019 मध्ये वॉशिंग्टनमध्ये लष्करी हस्तक्षेपांना विरोध करणारी एक अभ्याससंस्था स्थापन झाली, तिने नावच क्विन्सी घेतलं.

आता ती चार वर्षं. 1824 च्या निवडणुकीत चार उमेदवार होते आणि निर्वाचकांची मतं अशी पडली: जॅक्सन 99, ॲडम्स 84, क्रॉफर्ड 41, क्ले 37. बहुमताला 131 हवी होती. घटनेप्रमाणे पहिल्या तिघांतून निवड करायचं काम प्रतिनिधिगृहाकडे गेलं, तिथे प्रत्येक राज्याला एक मत. सभापती हेन्री क्ले यांनी आपलं वजन ॲडम्स यांच्या पारड्यात टाकलं आणि 9 फेब्रुवारी 1825 रोजी 24 पैकी 13 राज्यांच्या मतांनी ते अध्यक्ष झाले. थोड्याच दिवसांत त्यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री नेमलं. सौदा झाल्याचा पुरावा कुणालाही सापडलेला नाही. पण त्या काळी परराष्ट्रमंत्रिपद ही अध्यक्षपदाची पायरी समजली जायची. मन्रो, मॅडिसन, जेफरसन त्याच वाटेने आले होते. जॅक्सन यांच्या माणसांनी ‘भ्रष्ट सौदा’ हे दोन शब्द उचलले आणि चार वर्षं देशभर फिरवले. नेमणूक कायद्याने निर्दोष होती, पण लोकांचा कौल आपल्याला स्पष्ट मिळालेला नाही हे जाणून असणाऱ्या माणसाने ती टाळायला हवी होती.

डिसेंबर 1825 च्या पहिल्या वार्षिक संदेशात त्यांनी राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा, रस्ते, कालवे, संशोधनमोहिमा, वजनमापांची एकसूत्रता अशी मागण्यांची रास मांडली. युरोपात शंभरावर वेधशाळा आहेत आणि आपल्या खंडात एकही नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. मतदारांच्या इच्छेपुढे आपले हात बांधलेले आहेत असं सांगून लोकप्रतिनिधींनी गप्प बसू नये, असंही त्यात होतं. विरोधकांना याहून सोपं लक्ष्य कोण देणार? दक्षिणेतल्या गुलाममालकांना वेगळी भीती होती: रस्ते बांधायची सत्ता केंद्राला मिळाली तर उद्या गुलाम मुक्त करायची सत्ताही मिळेल. हे उघडपणे बोलणारेही होते. म्हणून त्या योजना केवळ स्वप्नाळू होत्या म्हणून पडल्या, असं लिहिणाऱ्यांनी अर्धंच लिहिलं आहे.

स्वभावही आड आला. विरोधी गटासाठी उघड काम करणारे पोस्टमास्तर जनरल जॉन मॅक्लीन यांना त्यांनी शेवटपर्यंत पदावर ठेवलं, कारण त्यांचं खात्यातलं काम चांगलं होतं. जॉर्जियात क्रीक लोकांची जमीन लाटणारा 1825 चा करार लबाडीने झालाय हे कळल्यावर त्यांनी तो बाजूला ठेवला, 1826 मध्ये नवा करार केला. जॉर्जियाचे गव्हर्नर जॉर्ज ट्रूप यांनी त्याला जुमानलं नाही, सैन्य जमवण्याची भाषा केली, आणि अध्यक्षांनी माघार घेतली. वर्षभरात क्रीकांच्या हातून तिथली उरलेली जमीनही गेली. आधीच्या आणि नंतरच्या अध्यक्षांशी तुलना करून इथे ॲडम्स यांना माफी देण्याची रीत आहे. क्रीकांना त्या तुलनेचा काय उपयोग झाला? चूक ओळखणारा अध्यक्ष वॉशिंग्टनमध्ये बसलेला असूनही त्यांची जमीन गेली.

1828 मध्ये जॅक्सन यांनी त्यांना 178 विरुद्ध 83 असं हरवलं.

इथवरचं आयुष्य पाहिलं तर एक कर्तबगार, हट्टी, पराभूत माणूस दिसतो. त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या घरी जाऊन ग्रंथसंग्रहात रमावं, वडिलांचं चरित्र लिहावं, अशीच सर्वांची अपेक्षा होती. 1830 मध्ये प्लिमथ जिल्ह्यातल्या लोकांनी प्रतिनिधिगृहासाठी त्यांचं नाव सुचवलं. माजी अध्यक्षाने साधा प्रतिनिधी होणं कमीपणाचं नाही का, असं कुणी विचारलं तेव्हा, लोकांनी निवडलं तर गावचा कारभारी होण्यातही कमीपणा नाही, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं. निवडून आल्यावर रोजनिशीत लिहिलं की कोणत्याही पदाने एवढं समाधान दिलं नव्हतं. पुढे सतरा वर्षं, मरेपर्यंत, त्यांनी ती जागा सोडली नाही.

डिसेंबर 1831 मध्ये त्यांनी गृहापुढे पहिले अर्ज ठेवले. पंधरा अर्ज, पेन्सिल्व्हेनियातल्या क्वेकर मंडळींचे. राजधानीच्या हद्दीतली गुलामगिरी आणि गुलामांचा व्यापार बंद करावा अशी विनंती. अर्ज सादर करतानाच ॲडम्स यांनी सांगून टाकलं की व्यापारबंदीचा विचार समितीने करावा, पण राजधानीतली गुलामगिरी बंद करण्याला आपला पाठिंबा नाही. चरित्रकार हे वाक्य घाईने ओलांडतात. मला ते सगळ्या गोष्टीची किल्ली वाटतं. हा माणूस गुलामगिरीशी लढायला काँग्रेसमध्ये आलेला नव्हता. त्याच्या हातात कागद ठेवले गेले, आणि ते कागद ऐकून घेतले जावेत एवढाच त्याचा आग्रह होता. बाकीचं त्या कागदांनी त्याच्याकडून करून घेतलं.

1833 मध्ये अमेरिकी गुलामगिरीविरोधी सोसायटी स्थापन झाली आणि अर्जांचा पूर लोटला. छापील मजकुराचा कागद घेऊन गावोगावच्या बायका दारोदार फिरायच्या, सह्या गोळा करायच्या, कागदाला कागद चिकटवत गुंडाळी लांबवायच्या आणि वॉशिंग्टनला पाठवायच्या. त्यांना मताचा हक्क नव्हता. विवाहित स्त्रीला बहुतेक राज्यांत स्वतःच्या नावावर मालमत्ताही ठेवता येत नव्हती. अर्ज करणं ही एकच वाट घटनेने खुली ठेवली होती. दक्षिणी प्रतिनिधींना हे सोसेना. 26 मे 1836 रोजी प्रतिनिधिगृहाने ठराव केला: गुलामगिरीशी कोणत्याही तऱ्हेने संबंध असलेला कोणताही अर्ज छापला जाणार नाही, समितीकडे जाणार नाही, आपोआप बाजूला ठेवला जाईल आणि त्यावर पुढे काहीही होणार नाही. हाच तो मुस्कटदाबीचा नियम. मतदानाच्या वेळी आपलं नाव पुकारलं गेल्यावर ॲडम्स उभे राहिले आणि हा ठराव घटनेचा, गृहाच्या नियमांचा आणि आपल्या मतदारांच्या हक्कांचा भंग आहे, असं आरडाओरड्यावर आवाज चढवून त्यांनी सांगितलं.

पुढची आठ वर्षं त्यांनी जे केलं ते संसदीय कामकाजाच्या अभ्यासकाने मन लावून वाचण्यासारखं आहे. ठराव दर अधिवेशनात नव्याने करावा लागायचा. म्हणून तो व्हायच्या आधीच्या मोकळ्या दिवसांत ते अर्जांचे गठ्ठे घेऊन उभे राहायचे. नियमात न बसणारे अर्ज शोधायचे: हैतीच्या प्रजासत्ताकाला मान्यता द्या, टेक्सस संघराज्यात घेऊ नका. 1840 मध्ये नियम कायमचा झाला आणि असे अर्ज स्वीकारणंच बंद झालं, तेव्हा नियम लागू होतो की नाही हे ठरवण्यासाठी तरी मजकूर ऐकावा लागेल, असं म्हणून ते अर्जाचा गोषवारा सांगायला लागायचे. जॉर्जियातून एक अर्ज आला की या माणसाला परराष्ट्र समितीच्या अध्यक्षपदावरून काढा. तोही त्यांनी स्वतःच सादर केला आणि आरोपीला बचावाचा हक्क आहे म्हणून बोलायला उभे राहिले.

फेब्रुवारी 1837 मध्ये त्यांनी सभापतींना शांतपणे विचारलं: बावीस गुलामांनी पाठवल्याचं सांगणारा एक कागद माझ्याकडे आहे, तो नियमात बसतो का? सभागृह पेटलं. ठपका ठेवा, हाकलून द्या, कागद जाळून टाका अशा आरोळ्या उठल्या. बराच गोंधळ झाल्यावर ॲडम्स यांनी सांगितलं की कागदातली मागणी गुलामगिरी बंद करू नये अशी आहे. ठपक्याचा ठराव पडला. तो अर्ज बनावट असावा असा त्यांचाही कयास होता. पण प्रश्न विचारून झाला होता: ज्याला कायदा वस्तू मानतो, त्याला विनंती करण्याइतका तरी माणूस मानायचं की नाही? गृहाने प्रचंड बहुमताने ‘नाही’ असं उत्तर दिलं आणि ते नोंदीत कायमचं राहिलं.

1838 च्या उन्हाळ्यात मेरीलँडच्या एका प्रतिनिधीने म्हटलं की बायकांनी घर सोडून राजकीय अर्ज करणं त्यांच्या प्रांताला लाजिरवाणं आहे. ॲडम्स यांनी रोज सकाळच्या कामकाजातला तास वापरून सुमारे तीन आठवडे यावर भाषण चालवलं. बायबलमधल्या एस्थर आणि डेबोरापासून अमेरिकी क्रांतीतल्या स्त्रियांपर्यंत दाखले देत त्यांनी विचारलं की स्त्रियांना मत देण्याचा हक्क नाही हे तरी इतकं ठरलेलं आहे का? मताधिकाराची लढाई संघटितपणे सुरू व्हायला अजून दहा वर्षं होती. एरवी स्त्रियांच्या राजकारणाबद्दल त्यांची मतं काळाच्या फार पुढची नव्हती. सह्यांच्या गुंडाळ्या हातात धरून उभं राहिल्यावर मात्र त्यांना तसं बोलावं लागलं.

24 जानेवारी 1842 रोजी त्यांनी हेवरहिल गावच्या 46 नागरिकांचा अर्ज मांडला: गुलामगिरीच्या ओझ्यापायी संघराज्यच शांततेने विसर्जित करा. अर्ज फेटाळावा अशीच सूचना त्यांनी सोबत केली होती. तरी विरोधकांना वाटलं, आता म्हातारा हाती लागला. केंटकीचे थॉमस मार्शल यांनी देशद्रोहाची भाषा असलेला ठपक्याचा ठराव आणला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या ॲडम्स यांनी पहिली मागणी केली ती स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा आरंभ वाचून दाखवण्याची. जुलमी राजवट बदलण्याचा हक्क लोकांना आहे, हे लेखनिकाला भर सभागृहात वाचावं लागलं. थिओडोर वेल्ड हे गुलामगिरीविरोधी चळवळीचे कार्यकर्ते त्यांना संदर्भ काढून द्यायला राहिले होते. जवळजवळ दोन आठवड्यांनी विरोधकच थकले आणि 7 फेब्रुवारीला प्रकरण 106 विरुद्ध 93 मतांनी मिटवण्यात आलं. 3 डिसेंबर 1844 रोजी मुस्कटदाबीचा नियम 108 विरुद्ध 80 मतांनी रद्द झाला. गुलामगिरीबद्दल उदासीन असलेल्या उत्तरेतल्या हजारो लोकांना या आठ वर्षांत एक गोष्ट कळून चुकली होती: गुलाम ठेवायचा तर शेवटी गोऱ्या माणसाचंही तोंड बांधावं लागतं. विल्यम ली मिलर यांनी 1996 मध्ये या झुंजीवर लिहिलेलं पुस्तक आजही सर्वांत वाचनीय आहे.

आमिस्टाड खटला याच काळातला, आणि 1997 च्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या चित्रपटामुळे तोच सर्वांत प्रसिद्ध. आज ज्याला सिएरा लिओन म्हणतात तिकडच्या मुलखातून पळवून क्यूबात विकलेल्या 53 आफ्रिकी माणसांनी 1839 मध्ये आमिस्टाड जहाजावर उठाव केला. पुढे ते कनेक्टिकटच्या तुरुंगात आले. सेंगबे पिए हा त्यांचा म्होरक्या. अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्या सरकारने निकाल लागताच त्यांना क्यूबाला रवाना करायला नौदलाचं जहाज तयार ठेवलं होतं. ॲडम्स यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे 24 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1841 असं दोन दिवस मिळून आठ तासांहून अधिक भाषण केलं. 9 मार्चला सुटकेचा निकाल लागला. चित्रपटातला आवेश सुंदर आहे, पण न्यायमूर्ती स्टोरी यांचा निकाल स्पॅनिश कायदा आणि तहातलं कलम या अरुंद पायावर उभा होता, आणि कायद्याची ती बाजू वकील रॉजर बाल्डविन यांनी खालच्या न्यायालयांपासून बांधत आणली होती. मला त्या कागदपत्रांत सर्वांत मोलाचं वाटतं ते काले नावाच्या मुलाचं पत्र. तुरुंगात शिकलेल्या इंग्रजीत त्याने ॲडम्स यांना लिहिलं की आम्हीही माणसं आहोत, आम्ही काय गुन्हा केला ते न्यायालयाला विचारा. हाही एक अर्जच होता.

मग ॲडम्स आरंभापासून गुलामगिरीचे वैरी होते का? या प्रश्नावर गेल्या तीस वर्षांत बरंच लिहिलं गेलं आणि उत्तर गुंतागुंतीचं झालं. 1820 मध्ये मिसूरीला गुलामगिरीसह राज्य म्हणून संघराज्यात घ्यावं का यावर वाद पेटला तेव्हा त्यांनी रोजनिशीत लिहिलं की घटनेतली स्वातंत्र्य आणि गुलामगिरी यांची तडजोड नैतिकदृष्ट्या दूषित आहे आणि हिच्यापायी संघराज्य फुटलं तर तेही एकवेळ स्वीकारण्याजोगं ठरेल. बाहेर मात्र चकार शब्द नाही. उलट, 1812 च्या युद्धात ब्रिटिशांबरोबर निघून गेलेल्या गुलामांची भरपाई मालकांना मिळावी म्हणून त्यांनी गेंटपासून चिकाटीने भांडण केलं. त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात ब्रिटनने सुमारे 12 लाख डॉलर मोजले. त्यांच्या घरात लुइझाच्या भाच्याच्या मालकीचा होल्झी नावाचा मुलगा काही वर्षं राबत होता. फेब्रुवारी 1828 मध्ये तो वारला, त्याची रोजनिशीत एका ओळीची नोंद आहे. डेव्हिड वॉल्डस्ट्रायकर आणि मॅथ्यू मेसन यांनी 2017 मध्ये रोजनिशीतले गुलामगिरीविषयक उतारे एकत्र छापले. ते क्रमाने वाचले की दिसतं, मत जुनंच होतं. ते उच्चारण्याचं धैर्य 1836 नंतर आलं, आणि ते ज्यांनी दिलं त्यांची नावं सह्यांच्या कागदांवर आहेत.

सगळीकडे हे धैर्य पुरलं नाही. 1841 च्या अखेरीस बोस्टनमध्ये त्यांनी ब्रिटन-चीन युद्धावर व्याख्यान दिलं आणि ब्रिटनची बाजू घेतली. युद्धाचं कारण अफू नसून चिनी दरबाराचा साष्टांग नमस्काराचा हट्ट आहे, असा त्यांचा दावा. ज्या अफूवरून हे युद्ध पेटलं तिच्यातला मोठा हिस्सा माळव्यात पिकून मुंबई बंदरातून चीनला जात होता आणि मुंबईतल्या कैक पेढ्या त्यावर उभ्या राहिल्या होत्या. मुक्त व्यापार हा राष्ट्राराष्ट्रांतला नैतिक धर्म आहे या तत्त्वाने भारावलेल्या ॲडम्स यांना त्या पेट्यांतला माल दिसला नाही. व्याख्यान छापायला अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने नकार दिला. चिनी माणसाचा अर्ज त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता, एवढं मात्र खरं.

स्मिथसोनियन संस्थेची गोष्ट थोडक्यात. अमेरिकेत कधी पाऊलही न ठेवलेले इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जेम्स स्मिथसन यांनी ज्ञानप्रसारासाठी ठेवलेले पाच लाखांहून अधिक डॉलर सरकारने आर्कान्सासारख्या राज्यांच्या रोख्यांत गुंतवून बुडवले होते. ॲडम्स दहा वर्षं मागे लागले, सरकारला ती रक्कम भरून द्यायला लावली, आणि ऑगस्ट 1846 मध्ये संस्थेचा कायदा झाला. अध्यक्ष असताना मागितलेली वेधशाळा मिळाली नव्हती. शहात्तराव्या वर्षी, गारठ्यात लांबचा प्रवास करून, सिनसिनाटीतल्या लोकवर्गणीच्या वेधशाळेची पायाभरणी करायला ते गेले.

त्यांच्या वारशातला सर्वांत मोठा तुकडा त्यांच्या मृत्यूनंतर वापरात आला. 1836 मध्ये आणि पुन्हा 1842 मध्ये त्यांनी सभागृहात बजावलं होतं की शांततेच्या काळात राज्यांमधल्या गुलामगिरीला काँग्रेस हात लावू शकत नाही, पण गुलामगिरीच्या प्रदेशात युद्ध पेटलं तर युद्धाच्या अधिकारात ती नाहीशी करण्याची सत्ता सरकारला मिळते. 21 फेब्रुवारी 1848 रोजी मेक्सिको युद्धातल्या सेनाधिकाऱ्यांच्या गौरवाच्या ठरावाला ‘नाही’ म्हटल्यानंतर ते आपल्या जागेवर कोसळले आणि दोन दिवसांनी सभापतींच्या खोलीत वारले. त्या सभागृहात इलिनॉयचा एक नवखा प्रतिनिधी होता, अब्राहम लिंकन. यादवी युद्ध सुरू होताच सिनेटर चार्ल्स समनर यांनी लिंकन यांच्यापुढे ॲडम्स यांचा हाच युक्तिवाद धरला. 1 जानेवारी 1863 चा मुक्तीचा जाहीरनामा युद्धाधिकाराच्या पायावरच निघाला. त्यानंतर दहा वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी दाखवलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केली. फुल्यांनी अर्पणपत्रिकेत कुणा अध्यक्षाचं नाव घातलं नाही. लोकांना अर्पण केली. ॲडम्स यांच्या रोजनिशीशेजारी त्या सह्यांच्या गुंडाळ्या ठेवल्या की फुल्यांची ती निवड किती अचूक होती हे लक्षात येतं.

अलीकडचं संशोधन त्याच दिशेने वळलं आहे. डॅनियल कार्पेंटर आणि कॉलिन मूर यांनी 1833 ते 1845 या काळात काँग्रेसकडे गेलेले गुलामगिरीविरोधी अर्ज तपासले. तोच मजकूर, तोच परिसर असताना बायकांनी फिरवलेल्या कागदावर पुरुषांनी फिरवलेल्या कागदापेक्षा निदान पन्नास टक्के जास्त सह्या मिळतात, असं त्यांना आढळलं. दारोदार फिरताना बोलायला, पटवायला, नकार पचवायला शिकलेल्या यांतल्या कित्येकजणी पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या आणि इतर सुधारणांच्या चळवळींत दिसतात. कार्पेंटर यांचा 2021 चा ग्रंथ अर्ज या साधनाभोवतीच एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर अमेरिकेची लोकशाही मांडतो. ॲडम्स यांचं पुढचं चरित्र ज्याला लिहायचं आहे त्याने बोस्टनमधली एक्कावन्न खंडांची रोजनिशी वाचावीच, पण सुरुवात वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या या गठ्ठ्यांपासून करावी. तिथे कागदाच्या डाव्या रकान्यात पुरुषांच्या सह्या आहेत, उजव्या रकान्यात बायकांच्या, आणि अनेक अर्जांवर उजवा रकाना लांब आहे.